ओझाईची शाबासकी: वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात ‘अवतार: द लास्ट एअरबेंडर’मधल्या फायर लॉर्ड ओझाईला मी कार्टूनमधला सगळ्यात नालायक बाप म्हटलं आणि तेव्हापासून पत्रं काही थांबेनात. निम्म्यांचं म्हणणं की मी फार सौम्य बोलले, उरलेल्यांचं म्हणणं की कार्टूनवर एवढं काय बोलायचं. ज्यांनी बघितलीच नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात, २००५ ते २००८ या काळात निकलोडियनवर आलेली ६१ भागांची मालिका. पाणी, माती, आग आणि हवा अशी चार राष्ट्रं, त्यातलं आगीवालं, म्हणजे फायर नेशन, १०० वर्षं बाकीच्यांवर चालून जातंय. त्यांना थोपवू शकणारा एकच, चारही तत्त्वं वापरता येणारा ‘अवतार’, म्हणजे आंग नावाचा पोरगा, आणि कटारा ही त्याची सोबतीण. फायर नेशनच्या गादीवर ओझाई. त्याचा मुलगा झुको, धाकटी मुलगी अझुला, थोरला भाऊ आयरो. झुकोच्या डाव्या डोळ्याभोवती भाजल्याचा मोठा डाग आहे आणि तो सख्ख्या बापाने दिलेला आहे. खाली सगळी गोष्ट फुटणार आहे, नंतर तक्रार करू नका.

प्रश्न: माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, चुलत भावंडांसोबत ही मालिका बघतो. बाप स्वतःच्या पोराचं तोंड जाळतो हे लहान मुलांच्या कार्टूनमध्ये कशाला? बंद करू का? (एक आई, नाशिक)

बंद नका करू हो. पहिलं म्हणजे तो जाळण्याचा क्षण दाखवलेलाच नाहीये. आयरो तोंड फिरवतो, अझुला मूठ आवळून हसते आणि झुकोची किंकाळी ऐकू येते, बस. पहिल्या सीझनचा बारावा भाग आहे तो, तोपर्यंत झुको म्हणजे नुसता आरडाओरडा करणारा खलनायक असतो आणि मग एकदम कळतं की हे सगळं कुठून आलंय.

झालेलं असं की १३ वर्षांचा झुको हट्ट करून युद्धाच्या बैठकीत जातो. एक सेनापती म्हणतो की ४१वी तुकडी नवख्या पोरांची आहे, त्यांना आमिष म्हणून पुढे घालू, मरतील पण शत्रू अडकेल. झुको उठून म्हणतो की जी पोरं आपल्या देशावर जीव लावतात त्यांना असं कसं मारायचं. एवढाच गुन्हा. शिक्षा म्हणून अग्नी काई, म्हणजे आगीचं द्वंद्व, ते तो लगेच कबूल करतो कारण त्याला वाटतं समोर तो म्हातारा सेनापती असणार. वळून बघतो तर बाप उभा. बैठक बापाची, म्हणजे अपमान बापाचा. पोरगं गुडघ्यावर येतं, रडतं, लढत नाही, आणि मग किंकाळी. वर देशाबाहेर हाकलतो आणि अट घालतो की अवतार पकडून आण मगच घरी ये, तो अवतार जो १०० वर्षांत कोणाच्या दृष्टीस पडलेला नाही. म्हणजे येऊच नकोस असं सांगायची पद्धत झाली ही.

आता माझं एक ऐका, मुलासोबत बसून तिसऱ्या सीझनचा नववा भाग जरूर बघा. तिथे पुन्हा एक बैठक आहे. झुको घरी परतलेला, आमंत्रण येतं की नाही याच्या काळजीत अर्धा भाग गेलेला, आणि आत गेल्यावर बापाच्या उजव्या हाताला त्याची जागा. सगळे त्याच्याकडे मानाने बघतायत. आत काय बोलणं झालं ते मात्र शेवटच्या भागांत कळतं. विषय काय तर पृथ्वी राज्यातल्या, म्हणजे मातीवाल्या राष्ट्रातल्या, लोकांना कसं मोडायचं. झुको म्हणतो की लोक चिवट आहेत, आशा असेपर्यंत ते काहीही सोसतील. ओझाई ते वाक्य उचलतो, मग आशाच संपवू म्हणतो, अझुला म्हणते सगळं राज्य जाळून टाकू. झुको गप्प बसतो. बाहेर येऊन मैत्रिणीला सांगतो की मी आज अगदी बापाला हवा तसा राजपुत्र होतो, फक्त मी मी नव्हतो.

पहिल्या बैठकीत बोलला तर तोंड जळलं, दुसरीत गप्प बसला तर शेजारी जागा मिळाली. मला विचाराल तर ही दुसरी बैठक जास्त भयानक आहे. तुमच्या मुलाला कोणती वाटते ते विचारून बघा, मला कळवा.

प्रश्न: राक्षसी राजा, सोशिक मुलगा, आग. ही तर आपल्या हिरण्यकशिपू-प्रल्हादाचीच गोष्ट झाली! यात नवीन काय? (एक आजोबा, ठाणे)

काका, आग आहे खरी दोन्हीकडे, पण प्रल्हादाला बापाचं सर्टिफिकेट कधीच नको होतं. त्याचा नारायण त्याच्याकडे पहिल्यापासून आहे, बाप कड्यावरून लोटो नाहीतर होलिकेच्या मांडीवर बसवो, पोराचं मन जागचं हलत नाही. म्हणून आपण त्याला हात जोडतो.

झुकोकडे नारायण नाहीये. त्याला बापच हवाय. ज्याने तोंड जाळलं त्याच्याच तोंडून शाबास ऐकायला तो तीन वर्षं समुद्रावर भटकतो आणि त्यासाठी गावंच्या गावं धमकावतो. प्रल्हादाचा बाप बाहेर उभा आहे, झुकोचा बाप त्याच्या डोक्यात बसलाय, त्याला कुठला नृसिंह खांबातून येऊन फाडणार? म्हणून ही गोष्ट ६१ भाग चालते.

प्रश्न: मला झुकोचा इतका राग आला होता की मी मालिकाच सोडली. दुसऱ्या सीझनमध्ये तो सुधारलेला असतो, काकासोबत चहाचं दुकान, सगळं मस्त, आणि शेवटी तो अझुलाच्या बाजूने जातो!!! कटाराने त्याच्यावर विश्वास ठेवला होता. लेखकांनी घोळ घातला ना? (बी.कॉम.चा एक वाचक, सांगली)

अरे सोडलीस कुठे नेमकी! पुढचा सीझन बघ आधी.

घोळ नाहीये तो. मलाही पहिल्यांदा राग आलेला, उशी फेकलेली मी, खोटं नाही सांगत. पण विचार कर, हा पोरगा बा सिंग सेमध्ये, म्हणजे पृथ्वी राज्याच्या राजधानीत, नाव बदलून राहतोय, चहा देतोय, एकदा तर अवतारच्या बायसनला, म्हणजे आप्पाला, साखळदंडातून सोडवतो आणि त्यानंतर तापाने फणफणून पडतो. आयरो म्हणतो की तुझ्या आत लढाई चालू आहे. म्हणजे चांगलं काम केलं म्हणून हा आजारी पडलाय! इतकं ते अंगात भिनलेलं. तो बरा होतो, हसायला लागतो, आपल्याला वाटतं सुटला एकदाचा. मग बहीण येते आणि जे त्याला १३व्या वर्षापासून हवं होतं ते सगळं एका ताटात वाढून समोर ठेवते, मान, घर, बापाचं प्रेम. थोड्या दिवसांच्या चहाने एवढी भूक जाईल का? सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसं.

आणि लेखकांनी खरं हुशारीचं काम पुढे केलंय. त्यांनी त्याला ते सगळं देऊन टाकलं. तिसऱ्या सीझनच्या पहिल्याच भागात झुको गुडघ्यावर बसलाय आणि ओझाई, ज्याचा चेहरा दोन सीझन आपल्याला धड दाखवलाच नव्हता, तो पहिल्यांदा नीट दिसतो आणि म्हणतो मला तुझा अभिमान वाटतो. कशाचा? तर शहर जिंकलंस, दगाबाज काकाला पकडून दिलंस आणि सगळ्यात जास्त म्हणजे तू अवतारला मारलंस. जे झुकोने केलेलंच नाहीये! वीज अझुलाने टाकली होती आणि श्रेय तिनेच भावाच्या नावावर टाकलं, म्हणजे उद्या अवतार जिवंत निघाला तर मान याची अडकेल. झुकोचं तोंड बघ त्या सीनमध्ये. आयुष्यभर ज्या वाक्यासाठी तडफडला ते मिळालं आणि ते दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाचं आहे.

हे घरी परत न जाता त्याला कळलंच नसतं असं माझं मत आहे. बाहेर राहिला असता तर मनात कुठेतरी राहिलंच असतं की एकदा बाबा हो म्हणाले असते तर. कटाराचं विचारशील तर तिने त्याला सगळ्यात उशिरा माफ केलंय, आणि बरोबर केलं.

प्रश्न: ओझाई असा का झाला हे मालिका सांगतच नाही. त्यालाही काहीतरी कारण असेल ना? (वाचक, कोल्हापूर)

थोडं सांगते की. ओझाईचा बाप अझुलॉन. थोरला मुलगा आयरो वारस, बा सिंग सेला ६०० दिवस वेढा घालून बसलेला मोठा सेनानी, ओझाई धाकटा. वेढ्यात आयरोचा एकुलता एक मुलगा लू टेन मारला जातो, आयरो खचून माघारी फिरतो आणि हा धाकटा भाऊ तेवढ्यात बापाकडे जाऊन म्हणतो की त्याचा तर वंशच खुंटला, आता गादी मला द्या. भावाच्या पोराची राख गार झाली नसेल अजून. अझुलॉन भडकतो आणि शिक्षा काय देतो, तर थोरला मुलगा गमावण्याचं दुःख तूही भोग. म्हणजे नातवाला मार. हे अझुला पडद्यामागून ऐकते आणि येऊन झुकोला गाणं म्हटल्यासारखं सांगते. त्याच रात्री आई, उर्सा, झोपलेल्या झुकोला उठवून सांगते की मी जे केलं ते तुझ्यासाठी केलं. सकाळी आजोबा मेलेले, आई गायब, बाप गादीवर.

म्हणजे हे घराणंच तसलं आहे, कारण शोधत गेलात तर झुकोच्या पणजोबापर्यंत, सोझिनपर्यंत जाल. पण त्याच घरात, त्याच बापाच्या हाताखाली आयरोही वाढलाय ना? आणि आयरोही काही जन्मजात संत नव्हता बरं का, वेढ्यावरून घरी पत्र पाठवलेलं त्यात शहर जाळण्यावर विनोद केलाय आणि उर्सा, झुको, अझुला खळखळून हसतायत. मुलगा गेल्यावर तो बदलला. ओझाईसमोर मुलाच्या मरणाची गोष्ट आली तेव्हा त्याने गादीचा हिशोब केला. एवढा फरक मला पुरतो.

प्रश्न: सगळे झुको झुको करतात. अझुलाला तर बापाने लाडाने वाढवलं, तिला कसली कमी होती? शेवटी ती वेडी होते ते मला ओढूनताणून वाटलं. (वाचक, पुणे)

लाडाने? बघा हं. झुको एकदा सांगतो की बाबा म्हणतात, अझुला नशीब घेऊन जन्मली आणि मी जन्मलो हेच माझं नशीब. आपण हे वाक्य झुकोच्या बाजूने ऐकतो आणि हळहळतो. आता अझुलाच्या बाजूने ऐका. तिला लहानपणापासून रोज समोर दिसतंय की जो कमी पडतो त्याचं या घरात काय होतं. भावाचं तोंड जळताना ती हसते, नऊ-दहा-अकरा वर्षांची पोर असेल, त्या हसण्यात मला तरी थोडं ‘बरं झालं मी नाही’ असंही दिसतं. हे माझं वाचन, मालिका असं म्हणत नाही.

तिची आग निळी, तिला वीज पाडता येते, केसांची एक बट जागची हलली तरी तिला चालत नाही. मैत्रिणी आहेत पण त्या धाकाने. समुद्रकिनाऱ्यावरच्या भागात ती बोलून जाते की आईला मी राक्षस वाटायचे, बरोबरच होतं तिचं म्हणा, पण लागलं. आणि लगेच विषय बदलते. मग शेवटी आगवाल्यांची ताकद कैकपटीने वाढवणारा धूमकेतू येतो त्या दिवशी ओझाई स्वतःला फिनिक्स किंग म्हणवून घेतो, जग जाळायला निघतो आणि तिला म्हणतो तू घरी थांब. त्यावर ती किंचाळते, तुम्ही मला झुकोसारखं वागवू शकत नाही! एवढं एक वाक्य काढून बघा. तिचं अख्खं आयुष्य झुको न होण्यात गेलंय. बाप तिला फायर लॉर्डची पदवी देऊन गप्प करतो, पण जगच आपलं म्हटल्यावर त्या पदवीला काय राहिलं, ते तिच्याही लक्षात येतं. मग नोकरांना हाकल, रक्षकांना हाकल, स्वतःचे केस काप, आरशात आई दिसते. ओढूनताणून कुठे आहे यात, उलट मला वाटतं जरा घाईत उरकलंय, आणखी दोन भाग द्यायला हवे होते.

झुकोला हाकलून दिलं म्हणून त्याला निदान जग बघायला मिळालं. ही घरातच राहिली. आणि आयरोनेसुद्धा, माझा लाडका असला तरी बोलते, झुकोला खंजीर पाठवला आणि हिला बाहुली पाठवली. तिने ती जाळली. या पोरीला नेमकं काय हवंय असं त्या घरात कोणी कधी विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

प्रश्न: ताई, माझे बाबा ओझाई नाहीत, त्यांनी कधी हातही उचलला नाही. पण मार्क कमी आले की महिनाभर बोलायचे नाहीत. आता मी २६ वर्षांचा आहे, नोकरी आहे, तरी प्रमोशन झालं की पहिला फोन त्यांनाच करतो आणि ते “बरं” म्हणून ठेवतात. ग्रहणाच्या भागात झुको बापाला तोंडावर सगळं सुनावतो ते मी वीस वेळा बघितलंय. मीही असं बोलावं का? (नाव नको)

वीस वेळा बघितलंयस म्हणजे तुला पाठ असेल, तरी मला जे दिसतं ते सांगते.

सूर्यग्रहणाची आठ मिनिटं आहेत, त्यात कोणाच्याच हातून आग निघत नाही. झुकोने बरोबर ती वेळ धरलीये आणि सोबत तलवारी घेऊन आलाय. म्हणजे बोलायचं ठरवलं तेव्हा पहिलं काम त्याने काय केलं तर स्वतःची सोय. मग विचारतो की १३ वर्षांच्या पोराशी द्वंद्व कसं काय करू शकलात? ओझाई म्हणतो, तुला आदर शिकवायचा होता. संपलं! ना पश्चात्ताप ना काही. झुको ‘हे क्रूर होतं आणि चूक होतं’ एवढं बोलतो आणि निघायलाच लागतो, पण ओझाई आईचं नाव काढतो, तुझी आई जिवंत असेल असं सुचवतो, आणि हा थांबतो. ग्रहण सुटतं आणि बाप सख्ख्या पोरावर वीज सोडतो. ती वीज अंगातून वळवून परत फेकायची युक्ती आयरोने शिकवलेली, म्हणून वाचला.

तुझे बाबा वीज नाही टाकणार. “बरं” म्हणतील कदाचित. ते “बरं” ऐकून तू उभा राहशील का हे मला इथून नाही कळत, ते तुलाच माहीत. झुको माफी मागून घ्यायला गेलाच नव्हता, तो निघतोय हे सांगायला गेला होता, त्यामुळे समोरून काहीच आलं नाही तरी त्याचं काम झालं. तू जर फोनवर दोन शब्द चांगले ऐकायला म्हणून बोलणार असशील तर मला तुझी जरा काळजी वाटते. घरात नाहीतर बाहेर एखादा आयरो आहे का तुझा? मामा, सर, मित्र कोणीही? पुढचं प्रमोशन झालं की पहिला फोन त्याला करून बघ, बाबांना दुसरा कर. आणि हे मनात फार दिवस घोळत असेल, झोप उडत असेल तर समुपदेशकाकडे जा, मी मालिका बघणारी बाई आहे, डॉक्टर नाही.

अजून एक, त्या सीननंतर काय होतं ते लोक विसरतात. झुको आंगला आग शिकवायला जातो तर हातातून फुर्रकन ठिणगी निघते फक्त. इतकी वर्षं त्याची आग रागावर चालत होती, राग गेला तर इंधनच नाही! मग ड्रॅगनकडे जाऊन पहिल्यापासून शिकावं लागतं. तुलाही बोलल्यावर एकदम हलकंबिलकं नाही वाटलं, उलट रिकामं रिकामं वाटलं, तर घाबरू नकोस.

प्रश्न: शेवटी आंग ओझाईला मारत नाही, फक्त त्याची शक्ती काढून घेतो. असल्या माणसाला जिवंत कशाला ठेवायचं? (वाचक, न्यू जर्सी)

आंगच्या बाजूने मालिकेत पुष्कळ चर्चा आहे, ती मी परत करत नाही. झुकोच्या बाजूने मला वाटतं की बाप मेला असता तर पोराच्या डोक्यात तो आणखी मोठा झाला असता. जिवंत राहिला म्हणून कोठडीत बसलेला, आग नसलेला, केस पिंजारलेला माणूस बघायला मिळाला.

पण सुटला असं नाही हं. मालिकेनंतरची कॉमिक्स आहेत, २०१२ पासूनची. ‘द प्रॉमिस’ नावाच्या पहिल्याच गोष्टीत झुको आंगकडून वचन घेतो की मी कधी बापासारखा झालो तर मला मारून टाक. १६-१७ वर्षांचा राजा आणि त्याची पहिली मागणी ही! आणि पुढे गादी पेलवेना, झोप येईना तेव्हा हा सल्ला विचारायला जातो कुठे, तर तुरुंगात बापाकडे. मला वाचताना इतकं वाईट वाटलं आणि इतकं खरंही वाटलं.

प्रश्न: मालिकेतला तुमचा सगळ्यात आवडता सीन कोणता? एकच सांगा. (तीन-चार पत्रांत हेच आहे)

शेवटून दुसरा-तिसरा भाग, आयरोचा तंबू. झुको आधी बाहेर घुटमळतो, काकाला आपण दगा दिला, तो आता तोंडही बघणार नाही म्हणून, मग आत जाऊन झोपलेल्या काकाजवळ रात्रभर बसून राहतो. सकाळी आयरो उठतो, झुको पाठ केल्यासारखी माफी मागायला लागतो आणि वाक्य पुरं व्हायच्या आत म्हातारा त्याला ओढून मिठीत घेतो. झुको गोंधळून विचारतो की तुम्ही रागावला नाहीत? त्याच्या हिशोबात चूक झाली की शिक्षा येते, ती आलीच नाही, आता पुढे काय करायचं हे त्याला माहीतच नाहीये. दोन्ही हात तसेच हवेत राहतात क्षणभर. मग टेकतात.